संत्र्याची पैज

आमची आई रसाच्या कारखान्यात संत्री सोलायची. एकोणतीस वर्षं, तीही उभ्याने. तिथल्या बायका तिला ‘सुरीबाई’ म्हणायच्या, आणि ते काही फक्त हातातल्या सुरीमुळे नव्हे. नाकावर माशी बसू द्यायची नाही. एकदा मुकादमाने “आटपा, आटपा” असा धोशा लावला, तर हिने अर्धं सोललेलं संत्रं त्याच्या हातात ठेवलं. “घ्या, तुम्हीच आटपून दाखवा.” त्याला काही ते जमलं नाही. शर्ट मात्र खराब झाला.

घरी वीज गेली की ती आम्हा भावंडांना संत्र्याचा दिवा करून द्यायची. फळाच्या पोटावरून साल तेवढी गोल कापायची, आत बोटं सरकवून वरची टोपी काढायची. मग खालची साल सोडवायची. इथे खरी गंमत असते, कारण फोडींच्या मधला पांढरा धागा सालीच्या तळाला चिकटून अख्खा उभा राहिला पाहिजे. तीच वात. सालीच्या वाटीत तेल ओतायचं, धागा मुरू द्यायचा आणि पेटवायचा. मी पन्नासदा तरी करून बघितलं असेल, धागा मेला दरवेळी फोडींबरोबर निघून यायचा. आई गप्पा मारता मारता करायची.

आता ती बहात्तर वर्षांची आहे आणि तिचे हात थरथरतात. गेल्या महिन्यात पातेलं निसटलं, पाय थोडा भाजला. झालं, दादाने ठरवून टाकलं की आईचं एकटं राहणं पुरे. तिच्या दोन खोल्या बंद करायच्या आणि तिला त्याच्याकडे न्यायचं. मला फोन आला, मी हो म्हणाले. खोटं कशाला बोलू, मला सुटल्यासारखं वाटलं. रोजची काळजी मिटणार होती ना. रविवारी दुपारी रिकामी खोकी घेऊन आम्ही दोघं तिच्या दारात हजर.

आईने खोक्यांकडे बघितलं, मग आमच्याकडे. “कुणी विचारलं मला?”

“आई, हात बघ तुझे,” दादा म्हणाला. प्रेमानेच म्हणाला, पण चार वर्षांच्या मुलीशी बोलावं तसा. “उद्या घर पेटवशील.”

आईने टोपलीतलं एक संत्रं उचललं. “दिवा करून दाखवते. धागा अख्खा निघाला तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. तुटला तर आत्ता येते तुझ्याबरोबर, अंगावरच्या कपड्यांनिशी.”

आई शब्दाची पक्की. ‘बोलणार नाही’ या एका शब्दापायी तिने सख्ख्या बहिणीशी अकरा वर्षं अबोला धरला होता.

सुरी सालीवरून वेडीवाकडी गेली, पण टोपी निघाली. मग आईने खालच्या सालीत अंगठा घातला. कोपर टेबलावर रोवलं, ओठ घट्ट मिटले. दादा भिंतीकडे बघत होता. तिने जिंकावं असं त्याला वाटत होतं की हरावं, देव जाणे. धागा अर्धा वर आला आणि अंगठा हलला. तुटला.

“असू दे गं आई,” दादा हळूच म्हणाला आणि कपाट उघडायला वळला. त्या हळूच बोलण्याचाच मला संताप आला. स्वतःचा त्याहून जास्त.

“कपाट बंद कर,” आई म्हणाली. “मी येत नाही.”

“अगं, तूच म्हणालीस ना?”

“म्हणाले. चुकलं माझं. हरले म्हणून नाही, पैज लावली म्हणून. माझ्याच घरात राहायला मी परीक्षा का द्यायची? कारखान्यात रोज किती फळं फुटायची माझ्या हातून! कुणी घरी नाही पाठवलं. दुसरं घ्यायचं आणि पुढे चालायचं.”

जन्मात पहिल्यांदा आईने शब्द मोडला, आणि मला तिचा इतका अभिमान कधीच वाटला नव्हता.

तिने जुन्या पंच्याचे चार धागे ओढले, पीळ दिला आणि सालीच्या कडेला टेकवून ठेवले. तेल ओतताना निम्मं टेबलावर सांडलं, ते पुसलं. मी काडेपेटी घ्यायला पुढे झाले. तिने नुसतं बघितलं, मी हात मागे घेतला. दोन काड्या विझल्या. तिसरीने वात धरली. दुपारच्या उजेडात ज्योत धड दिसतही नव्हती.

“आणि उद्या हात भाजला तर?” दादाने विचारलं. आता त्याचा आवाज मोठा झाला होता.

“तर भाजेल,” आई म्हणाली. “हात माझा आहे. तू या फोडी खा, आणि मग तुझ्या घरी जा.”