न भिजणाऱ्या पोराची आते

"आते माझ्याकडं येल. धसई हितून जवळ हाय."

"तुझ्याकडं? तुझी सासू तिला गोवऱ्या थापायला बसवील!"

"आन तुझ्या सापगावच्या खोलीत काय करल ती? कडी लावून टीव्ही बघल?"

"नळ हाय माझ्याकडं. पंखा हाय."

"वाऱ्याचं माझ्यापुढं नको बोलू रे दादा," जिवली म्हणाली, आणि कमळूला भांडता भांडता हसू आलं.

बाईजा चुलीपाशी बसून चहाखाली जाळ सारत होती. तिच्या या दोन भाचरांना, कमळू आणि जिवलीला, तिनंच वाढवलं होतं. शिमगा सरला आणि दोघं एकाच सकाळी, एकाच जीपमधून पाड्यावर उतरली. कारणही एकच. गेल्या आवणीत, भात लावताना, आते चिखलात घसरून पडली होती, पाय मोडता मोडता वाचला. आता तिला एकटी ठेवायची नाही, यावर दोघांचं एकमत होतं. न्यायची कुणी, एवढ्यावरच घोडं अडलं होतं.

मूल होत नाही म्हणून नवऱ्यानं बाईजाला माहेरी आणून सोडली, तेव्हा तिच्या भावानं, धाऊनं, एक शब्द विचारला नव्हता. तिची पत्र्याची पेटी उचलून आत नेली, बस्स. पुढं एक्याण्णव सालच्या पावसाळ्यात धाऊ आणि त्याची बायको दोघंही तापानं गेली. आठ वर्षांचा कमळू आणि सहा वर्षांची जिवली बाईजाच्या पदरात आली.

पोरं साधी नव्हती. कमळूच्या अंगावर पाऊस पडतच नसे. धो धो सरीतून इरलं न घेता यायचा, आणि सदरा खडखडीत कोरडा! जिवलीचं खळ्यावर कळलं. बायका भात उफणत होत्या, हिनं खेळता खेळता श्वास रोखला आणि वारा बंद. कोंडा सरळ बायकांच्या पायांवर. हिनं श्वास सोडला, वारा सुटला.

"भगताकडं ने गो यांना," शेजारची ठकी म्हणाली.

"भगत काय करल? काढून घेल?" बाईजानं विचारलं. "देवानं मला इतकी वर्षं काय दिलं नाय. आता दिलं तं दोन्ही हातांनी दिलं. मी नाय परत करायची."

तिच्या स्वतःच्या अंगात कसलीच करामत नव्हती. तिच्याकडं होता एक तांब्या. पावसाळ्यात कमळू शाळेला निघाला की ती तो पाण्यानं भरून त्याच्या डोक्यावर उपडा करायची. चार पोरं ओली, तर हाही ओला. कमळू लाथा झाडायचा, बोंब मारायचा, तिच्याशी दुपारपर्यंत बोलायचा नाही. 'पोरगं मनात राग धरून मोठं होणार,' असं तिला वाटायचं, तरी ती अंथरुणाला खिळली तो एक दिवस सोडला तर तिनं एक सकाळ चुकवली नाही.

जिवलीचं दुखणं वेगळं होतं. भाताचं रोप टाकायच्या आधी जमिनीवर शेण, टहाळ, पातेरा रचून भाजतात, तो राब. त्याला आग वाऱ्याच्या उलट बाजूनं लावायची, म्हणजे ती सावकाश सरकते आणि माती नीट भाजते. हे सगळ्यांना ठाऊक. पण जिवलीची करामत कळली आणि पाडा आळसावला. वाटेल तिथून काडी ओढायची, आग धावली की हाका, "जिवले, धर गो!" एका दुपारी लडकूच्या राबाची आग त्याच्या पेंढ्याच्या उडवीकडं निघाली. पोरीनं श्वास धरला तो धरलाच. आग बसली, पोर मात्र निळी पडली, आणि मग तापात कितीतरी दिवस बरळत होती.

पुढल्या वर्षी लडकू पुन्हा दारात.

"पोरीला धाड. घटकाभराचं काम."

बाईजा उंबऱ्यावरच बसली. "माझी पोर म्हंजे झाकण हाय का रे, तुझ्या आगीवर ठेवायला?"

"गावाचं काम हाय, बाईजा."

"मग गावानं करावं. श्वास तिचा हाय, गावाचा नाय. चल, मी येते. कुठून लावायची ते इसरलास ना? दाखवते."

त्या वर्षापासून ती घरोघरच्या राबावर गेली. मूठभर राख वर उधळायची, ती कुठं जाते बघायची, आणि काडी योग्य टोकाला लागेपर्यंत हलायची नाही. लोक कुरकुरले. पण पोरीला बोलवायला परत कुणी आलं नाही.

"रोज भिजवायची मला," आता कमळू सांगत होता.

"आन तू बोंबलायचास," जिवली म्हणाली.

"बोंबलायचो. पन एकदा आते आजारी होती, मी कोरडाच गेलो शाळंत. एक पोरगं जवळ बसलं नाय माझ्या. तवा कळलं. दुसऱ्या दिवसापास्नं तांब्या मीच भरून ठेवायचो."

बाईजाचा जाळ सारणारा हात थांबला. तांब्या जिवली भरते, असं ती इतकी वर्षं धरून चालली होती. चहा उतू गेला.

"मी तं सासरी कुणालाच सांगितलं नाय," जिवलीचा आवाज खाली आला. "नवऱ्यालाबी नाय. श्वास माझा हाय ना! आतेनंच सांगितलंय."

"म्हनून तं म्हनतो, आता माझी पाळी."

"तुझी का? माझी!"

बाईजानं उरलेला चहा दोन कपांत ओतला. जिला एका घरानं ठेवून घेतलं नव्हतं, तिच्यासाठी आज दोन घरं भांडत होती. तिला हे भांडण कानांत साठवून घ्यावंसं वाटलं. एकीला हो म्हटलं असतं तर दुसरा हिरमुसला असता. आणि धाऊनं जिथं पेटी ठेवली ते घर सोडायचं तिच्या मनात नव्हतं.

"बोल ना आते," कमळू म्हणाला. "कुणाकडं येतेस?"

"खरं सांग हां," जिवली म्हणाली.

बाईजानं दोघांपुढं कप सरकवले. कमळूच्या डोक्यावरून हात फिरवला, जिवलीच्या फिरवला. पदरानं डोळे टिपले, आढ्याला खोचलेला कोयता काढला, आणि यंदाच्या राबासाठी टहाळ तोडायला दाराबाहेर पडली.

"आते! अगो, चाललीस कुठं?"

"बघ, तुझ्यामुळं गेली!"

"माझ्यामुळं?"

ती तोवर बांधावर पोचली होती.