एक माणूस, दोन पायऱ्या

मी नांदेडच्या कॉलेजात डेटाबेस शिकवतो. लातूरच्या एका डॉक्टरांसाठी मी आणि आमच्याच विभागातल्या मॅडम, मूळच्या मुखेडच्या, एक काम करत होतो. रक्ताचा आजार, घराण्यातून उतरणारा. रुग्णाचं नाव दिलं की त्याच्या पिढीतले सगळे नातेवाईक मशीनने सांगायचे, म्हणजे त्यांना तपासणीला बोलावता येईल. बिलोलीकडच्या गावांत घरोघर फिरून माहिती मॅडमनी आणली. नियम मी लिहिले.

नियम दोनच. सख्खी भावंडं एका पिढीची. आणि एका पिढीच्या माणसांची लेकरंही एका पिढीची. हा दुसरा नियम स्वतःलाच पुन्हा पुन्हा बोलावतो. मशीन आधी साऱ्या गावांतल्या माणसांच्या जोड्या लावत बसायचं. मी त्याला वाट बदलायला लावली: रुग्णापासून निघ, त्याच्याच पूर्वजांकडे चढ, जितकं चढलास तितकंच उतर. उत्तर चुटकीसरशी यायला लागलं. हे मला चांगलं येतं, त्यात खोटी नम्रता कशाला. पण आणखी वेग हवा म्हणून प्रत्येक पूर्वजापाशी पायरीचा, म्हणजे रुग्णापासून किती पिढ्या वर त्याचा, एकच आकडा ठेवला. नवा आला की जुना पुसायचा.

पहिल्याच चाचणीत एका रुग्णाचे सख्खे चुलतभाऊ गायब. डॉक्टर फोनवर म्हणाले, "मॅडमची माहितीच कच्ची दिसतेय. ती गावं वगळू या." म्हणजे मॅडमचं सगळं काम बाद, आणि त्या घरांची तपासणीही.

चूक मला त्याच क्षणी कळली होती. त्या रुग्णाची आई तिच्या सख्ख्या मामाला दिलेली. त्यामुळे एकच म्हातारा बापाकडून आजोबा, दुसऱ्या पायरीवर. आईकडून पणजोबा, तिसरीवर. तीनने दोन पुसला, आणि दोनवरून उतरताना भेटणारे चुलतभाऊ गेले.

मला कळायला वेळ लागला नाही, कारण आमच्या घरीही तसंच. माझी आजी माझी आत्याही लागते. गावात त्याचं कुणाला काही नव्हतं. होस्टेलवर एकदा हसं झालं, तेव्हापासून घरचं बोलणं मी सोडलं. त्या दिवशीही "बघतो" एवढंच म्हणालो. मॅडम उन्हात एसटीने पुन्हा गावोगाव पडताळायला गेल्या. मी जाऊ दिलं.

परतल्या त्या थेट माझ्या टेबलाशी. "सर, एक नाव चुकलेलं न्हाई. एका म्हातारीनं तर मला हाकललंच. म्हणे, पुन्हा कशाला आलीस, माझी नातवंडं बदलली का?"

"मॅडम, चूक माझ्या प्रोग्रामात आहे. तुम्ही जायच्या आधीच मला माहीत होतं." मग घरचं सगळं सांगितलं.

त्या म्हणाल्या, "माझी थोरली बहीण मामालाच दिलीय, सर. मला सांगायला काय झालं होतं?"

"लाज वाटली."

"लाज तुमची आन् पायपीट माझी. बरं हाय."

माणूस आणि पायरी अशी जोडी साठवली. तीच जोडी पुन्हा आली तरच सोडायची. चुलतभाऊ परत आले, वेगही फारसा घटला नाही. डॉक्टरांना फोन लावताना मॅडम म्हणाल्या, "स्पीकरवर लावा."

माझ्याच घराचं उदाहरण देऊन मी सगळं समजावलं. मॅडमना विनाकारण फिरू दिलं, हेही सांगितलं.

डॉक्टर म्हणाले, "म्हणजे गावं ठेवायची?"

"ते मॅडमना विचारा." मी फोन त्यांच्याकडे सरकवला.

"ठेवा," त्या म्हणाल्या. "आन् तपासणीच्या दिवशी गाडी पाठवा, डॉक्टर. माणसं एसटीनं तिकडं यायची न्हाईत."