कानातली घरखूण

कोंडवाड्यात अडकलेले जनावर खुणांच्या लेखी अर्जाशिवाय सोडू नये, असा हुकूम आमच्या तालुका कचेरीच्या भिंतीवर ज्या दिवशी लागला, त्या दिवशी मला मनापासून आनंद झाला होता. तोपर्यंत रीत सोपी होती. मालक येई, शिपायाशी हुज्जत घाली, दंड भरी आणि आपले जनावर दावे धरून घेऊन जाई. त्यात एकाचे जनावर दुसऱ्याने नेल्याच्या तक्रारी वाढल्या, आणि मग रंग, शिंगे, शेपूट, कान यांचे वर्णन कागदावर मागण्यात येऊ लागले. वर्णन कागदावर आले म्हणजे ते माझ्या हाती आले, असे मी समजलो.

माझ्याविषयी थोडे सांगणे प्राप्त आहे. मी मराठी पाचवी इयत्ता पुरी न करताच शाळा सोडली. पुढे एका वकिलाकडे कागदांच्या नकला करता करता सरकारी भाषेचे वळण माझ्या बोटांत बसले. अनेक शब्दांचा अर्थ मला ठाऊक नसे, परंतु ते कोठे बसवावेत हे ठाऊक असे. कल्याणच्या कचेरीच्या ओसरीवर चटई टाकून मी अर्ज लिहीत असे. खेड्यापाड्यांचे लोक मला कारकूनदादा म्हणत, आणि मी कारकून नाही हे मी त्यांना कधी सांगितले नाही. चाळिशी उलटलेल्या माणसाने जपावी अशी ही गोष्ट नव्हे, पण मी ती जपत होतो.

त्या काळी अर्जाखाली एक शेरा लिहावा लागे : ‘अर्जदारास वाचून दाखविले, मजकूर कबूल.’ ज्यांना अक्षर येत नाही त्यांनी न कळता कशावरही निशाणी करू नये, एवढाच त्यातला हेतू. माझ्या शेजारी बसणारा दुसरा अर्जनवीस अर्जदाराजवळ सरकून पुटपुटल्यासारखे वाची आणि मोकळा होई. मी मात्र मांडी सावरून, कागद हातभर दूर धरून, साऱ्या ओसरीला ऐकू जाईल अशा स्वरात वाचीत असे. लोक बोलणे थांबवून ऐकत. ते थांबले की मला बरे वाटे.

हिवाळ्यात, शेतांतून वाल फुलावर असताना, ठाकुर्लीकडच्या एका आगरी घरातली सून माझ्यापुढे येऊन बसली. वय पंचविशीच्या आतबाहेर. नवरा खाडीवर मिठागरात कामाला, सासऱ्याचे गुडघे धरलेले, म्हणून ती एकटीच चालत आली होती. तिची गाय दावे तोडून कोणाच्या वालात शिरली होती आणि कोंडवाड्यात पडली होती. गाय गाभण होती. घरात दुधाचे दुसरे जनावर नव्हते.

“सोडवून आनाया गेले, तर तो शिपाय बोलतो, तीन गाई तांबड्या हायेत, तिघींचे उजवे कानाला खाच हाय, तुझी कनची?” ती म्हणाली. “आता खाच तर आमचे सगले गावाचे गुरांना हाय.”

“ती गावखूण झाली,” मी म्हणालो. “तुमच्या घरची खूण सांग.”

तिने इकडेतिकडे पाहिले. मी पुन्हा विचारले. तिने पदर ओढून घेतला.

“ती सांगत नाय कुणाला, कारकूनदादा. मी सून होऊन आले तवा सासूनं गोठ्यान नेऊन एकदाच दाखवली. लेकींनापन सांगत नायत, त्या दुसरे घरी जातात म्हणून.”

त्या भागातली ही चाल मला ठाऊक नव्हती, आणि ठाऊक नाही हे कबूल करणे माझ्या स्वभावात नव्हते. गावाची खाच सर्वांना दिसते, चोर तीवरच दुसरी खाच पाडतो. म्हणून एकेक घर आपली अशी खूण गुप्त ठेवते, ही साधी गोष्ट मी तेव्हाच समजून घ्यावयास हवी होती. त्याऐवजी मी आवाज चढवून म्हणालो, “बाई, हे सरकारदरबारचे काम आहे. इथे लपवाछपवी चालत नाही. खूण लिहिली नाही तर सात दिवसांनी दवंडी पिटतील आणि पुढे गाय लिलावात जाईल. मग बसशील रडत.”

सात दिवसांची गोष्ट खरी होती. बाकी सारा रुबाब माझा होता.

ती पुढे वाकली आणि माझ्या कानाशी बोलावे तसे हळू बोलली. “डावे कानान, आतून, बुडापासून दोन बोटांवर. केस बाजूला केलं की दिसतंय. तापवल्या दाभणाचे तीन डाग हायेत, एके वलीन.”

ते ऐकल्याबरोबर माझ्या मनात वाक्य जुळू लागले. मी कच्चा मसुदा केला, तो खोडला, पुन्हा केला. शेवटी जे वाक्य उतरले ते मला आजही पाठ आहे : ‘सदरहू गाईचे डावे कानाचे आंतील अंगास, मुळापासून दोन बोटे अंतरावर, तप्त दाभणाने दिलेले तीन डाग एका ओळीत असून, ते केस बाजूस सारिल्यावाचून दृष्टोत्पत्तीस येत नाहीत.’ आणि हे वाक्य मी, नेहमीच्या रीतीने, कागद हातभर दूर धरून वाचले.

तिने हात किंचित वर केला होता. तो मी पाहिला होता. वाचन थांबविण्यासाठी कोणी हात उचलावा, याचा मला राग आला, एवढेच आठवते.

ओसरीच्या पायरीवर एक हेडी बसला होता. गुरे विकत घेऊन बाजारोबाजार फिरविण्याचा त्याचा धंदा होता, आणि दुसऱ्याच काही कामासाठी तो कचेरीत आला होता. माझे वाचन संपताच त्याने मान डोलावली.

“वा, पंडित! काय आवाज लावलाय! कीर्तनाला उभं करायला पाहिजे तुम्हाला.”

“सवयीचे काम आहे,” मी म्हणालो.

“ते कानाचं वाक्य तर फारच झोकात बसलंय. पुन्हा एकदा होऊ द्या की.”

आणि मी ते पुन्हा वाचले. आधीपेक्षा सावकाश, प्रत्येक शब्दावर ठेहराव देऊन वाचले. ती बाई खाली मान घालून चटईच्या काड्या मोजीत असल्यासारखी बसली होती.

त्यानंतरही वेळ गेली नव्हती. मी कच्चा कागद तिच्या हाती दिला असता तर ती लगेच आत गेली असती. परंतु मी अर्ज पक्का करावयास घेतला. समास आखले, शाई घोटली, पहिल्या अक्षराला वेलबुट्टी काढली. तेवढ्यात पायरीवरचा हेडी उठून माझ्या शेजाऱ्याकडे गेला, दोन शब्द बोलला, पाच ओळींचा एक अर्ज लिहवून घेऊन आत शिरला, आणि मला त्याकडे पाहण्याचेही सुचले नाही. बाईने माझ्या पक्क्या अर्जाखाली आपली निशाणी म्हणून बांगडीचे वर्तुळ काढले. ते वाकडे आले. कागदाची शोभा गेली, म्हणून मी चुकचुकलो.

दिवस कलताना ती परत आली. श्वास लागला होता.

“कारकूनदादा, शिपाय बोलतो या खुणांची गाय दुपारीच सुटली! कुणी नेली? माझी गाय कुणी नेली?”

मला ते त्याच क्षणी समजले. कोणी सांगावे लागले नाही. पायरीवरची रिकामी जागा माझ्यासमोर होती. मी म्हणालो, “चौकशीचा अर्ज करू,” आणि लेखणी कानामागून काढली, कारण हाताला दुसरे काही करता येईना.

दोन दिवसांनी अव्वल कारकुनांपुढे चौकशी झाली. हेडी आला होता. गाय आपण बाजारातून घेतली होती, ती सुटून गेली, खूण विक्रेत्याने दाखविली होती, असे त्याने शांतपणे सांगितले. गाय कोठे आहे असे विचारता, आणतानाच गिऱ्हाईक भेटले, म्हणून पलीकडे विकली, असे उत्तर दिले. बाईबरोबर तिचा सासरा काठी टेकीत आला होता. गाय समोर आणा, ती सुनेच्या हाताला कशी येते ते पाहा, एवढेच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. आणावयाला गाय नव्हती.

अव्वल कारकुनांनी दोन्ही अर्ज शेजारी शेजारी ठेविले. ते विचारी गृहस्थ होते.

“बाई, ही खूण घराबाहेर कोणाला ठाऊक होती?”

“कुणाला नाय, साहेब. यांना सांगितली.” तिने माझ्याकडे बोट दाखविले. “आनि यांनी मोठ्यानं वाचली. दोनदा.”

त्यांनी माझ्याकडे पाहिले. “अर्ज तुम्ही चारचौघांत मोठ्याने वाचलात काय?”

येथे मला जे सांगावयाचे आहे त्यासाठी हे सारे लिहावयास घेतले. मी ‘होय’ म्हटले असते तर हेड्याला खूण कोठून मिळाली हे उघड झाले असते. त्याला पुढे विचारणा झाली असती, विक्रेता कोण, गिऱ्हाईक कोण, हे सांगावे लागले असते. गाय परत आलीही असती. मला काय झाले असते? ओसरीवर बसण्याची परवानगी कदाचित गेली असती. कदाचित नुसती तंबीच मिळाली असती. परंतु दाराशी चार शिपाई उभे होते, माझा शेजारी उभा होता, आणि या सर्वांदेखत मूर्ख ठरणे मला सोसवले नाही.

मी म्हणालो, “शिरस्त्याप्रमाणे अर्जदारास जवळ बसवून, हलक्या स्वरात वाचून दाखविले. शेरा अर्जावर आहेच.”

शेरा होताच. माझ्याच हातचा होता. कारकुनांनी तो वाचला, माझी जबानी लिहून घेतली, आणि मी तिच्याखाली सही केली. निकाल असा झाला की खूण दोघांनाही ठाऊक असल्याने ती एकट्या बाईची ठरत नाही. हेड्याचा अर्ज आधी दाखल आहे. बाईने हवे तर दिवाणीत जावे. दिवाणीत कोण जाणार होते?

बाहेर आल्यावर सासरा सुनेला विचारीत होता, आणि ते मला ऐकू येत होते.

“कारकूनदादा बोलतात, हळू वाचली. मंग त्या हेड्याला कुणी सांगितली गो? बाजारान कुणाशी बोललीस तू?”

“नाय, मामंजी. देवाशपथ नाय.”

“मंग काय गाईनं सांगितली?”

ती माझ्या चटईजवळून गेली. मला वाटले शिव्या देईल. ती थांबलीसुद्धा नाही.

माझा शेजारी आपली दौत पुसत होता. वर न पाहताच तो म्हणाला, “पंडित, तुमचं वाक्य त्याला तोंडपाठ होतं हो. मला अर्ज सांगताना तप्त दाभण म्हणाला. हेड्याच्या तोंडी तप्त! मला तेव्हाच कळायला हवं होतं.”

“मग आत का नाही बोललात?”

“मला विचारलं कुठं? विचारलं तुम्हाला.”

महिन्याभराने ठाकुर्लीकडचा एक माणूस दुसऱ्या अर्जासाठी आला. त्याच्याकडून कळले की त्या सुनेला माहेरी धाडून दिले आहे. घरची खूण फोडणारी बाई गोठ्यात नको, असे सासूचे म्हणणे. मी त्याचा अर्ज लिहिला. त्यात काय लिहिले ते मला आठवत नाही.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी मी चालत त्या गावी गेलो. सासरा अंगणात बसून दावे वळीत होता. मी उभ्यानेच सांगितले, “खूण तुमच्या सुनेने फोडली नाही. मी फोडली. मोठ्याने वाचली, दोनदा वाचली, आणि कचेरीत खोटे बोललो.” माझ्या आयुष्यात इतकी साधी वाक्ये मी पूर्वी बोललो नव्हतो.

म्हाताऱ्याने हातातले दावे खाली ठेविले. आत त्याची बायको उंबऱ्याशी येऊन उभी राहिली होती, तिनेही ऐकले.

“हे तवाच का नाय बोललास?” तो म्हणाला. कचेरीत तो मला ‘तुमी’ म्हणाला होता.

 सासूने तोंडावर पदर घेतला. मग ती आतल्या कोणाला तरी म्हणाली, “अरे, उद्याच जा नि तिला घेऊन ये. तिची काय चूक नव्हती.”

अंगणाच्या कडेला एक कालवड बांधली होती. कोणा सोयऱ्याकडून आणलेली असावी. निघताना मी सहज तिच्या बाजूने वळलो. म्हातारा काठीशिवायच उठला, गुडघे धरलेला माणूस, दोन पावलांत तिच्यापाशी गेला, आणि तिच्या दोन्ही कानांवर त्याने आपले तळहात झाकून धरले. मी अंगणाबाहेर पडेपर्यंत ते तसेच होते.

फाटकापाशी त्याने मागून विचारले, “कचेरीनपन सांगशील?”

“सांगेन,” मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मी वेळेआधी ओसरीवर जाऊन बसलो. अव्वल कारकून पायऱ्या चढून आले. मी उठलो, नमस्कार केला. “काय, बरे आहे?” त्यांनी विचारले. मी “आपली कृपा” म्हणालो, आणि खाली बसलो.