सुक्रूबाईच्या झाडाचा एक अष्टमांश

माझी मुलगी छकुली सहावीत, माझ्याच वर्गात, मीच शिकवलेल्या गणितात नापास होत होती. आलापल्लीजवळच्या आमच्या गावात वाघ दिसल्याची बातमीही इतकी चघळली जात नसे! अपूर्णांक म्हटलं की पोरगी सरळ खिडकीबाहेर बघायची.

तेवढ्यात प्रशिक्षणात मला गटपद्धत मिळाली. सगळ्यात कच्च्या मुलालाच गटप्रमुख करायचं, म्हणजे शिकवता शिकवता त्याला गोडी लागते.

"बाबा, मलेच काऊन?"

"शाळेत सर म्हण!"

चौघांच्या गटाला मी टोपली दिली. शाळेमागच्या झाडाखाली पडलेली मोहाची फुलं वेचा, चार सारखे वाटे करा, घरी न्या.

"सर, ते झाड..." एक पोरगी म्हणाली.

"चर्चा गटात!" मी गरजलो.

(इथं मोहाचं एकेक झाड एकेका घराचं ठरलेलं असतं. गावातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक. मी बदलीवर आलेला चिमूरचा, मला सगळी झाडं सारखीच!)

संध्याकाळी बायकोनं आमच्या वाट्याच्या पुऱ्या केल्या. अर्ध्या मी एकट्यानंच हाणल्या. शेवटची तोंडात असतानाच दारात सुक्रूबाई उभी.

"गुरुजी, माह्या झाडाचा मोह कोन येचला?"

तोंड भरलेलं, त्यामुळे मी फक्त मान हलवली. ती नेमकी होकारार्थी हलली.

तीन घरचे वाटे लगेच परत आले. आमचा पोटात! गट अंगणात जमला. छकुलीनं खडूनं टोपली काढली, चार भाग केले.

"पाव टोपली आमची. त्यातलं अर्धं बाबानं खाल्लं. मंग बाबाच्या पोटात किती?"

"एक षष्ठांश!" मी घाईनं ओरडलो.

"एक अष्टमांश, सर!" गट ओरडला.

सुक्रूबाईनं कपाळाला हात लावला. "पोरी, तूच शिकव व माय. गुरुजी, तुमी उद्या पाव टोपली येचून द्या."

सकाळी मी तिच्या झाडाखाली ओणवा, आणि गट सावलीत बसून बेरीज-वजाबाकी करतोय. मी कंबर धरून उठलो. "हं, आता छेद समान..."

"बाबा, तुमी येचा! मधात बोलले का आमचं चुकते!"

छकुली पास झाली. गणिताचं पुस्तक आता तिच्या हातून सुटत नाही. परवा गटप्रमुख म्हणून तिनं मला वर्गाच्या दाराशीच अडवलं.

"सर, आमी दशांश सुरू करून राह्यलो. तुमी जरा मोह येचून या!"