सुकडीच्या पिशव्यांचे पडदे

गरिबानं घराला रंग देऊ नये, दाराला पडदा लावू नये, असा नियम कुठल्या सरकारी कागदावर लिहिलाय, तो मला एकदा कुणीतरी दाखवा. मी साठीला आले. पस्तीस वर्षं शाळेत पोरं शिकवली, ढीगभर परिपत्रकं वाचली, सह्या करून परत पाठवली. असा कागद मला कुठं सापडला नाही. पण तो नियम आमच्या घरी येऊन, आमच्या बाजेवर बसून, माझ्या मायला लागू केला गेला, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय.

आमचं घर गावाच्या खालच्या अंगाला. दगडमातीचं, दोन खणांचं, वर माळवद. आतल्या खणाला दार नव्हतं, नुसती चौकट. बहात्तरच्या दुष्काळात माय आणि बा दोघंही पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जायचे. मी लहान, त्यांच्याबरोबर जायची. तिथं दुपारी सुकडी वाटायचे, गोड भुकटी. ती पांढऱ्या, जाड कापडाच्या पिशव्यांतून यायची. पिशवी रिकामी झाली की मुकादम तिच्यानं सायकल पुसायचा. मायला ते बघवायचं नाही. ‘‘एवढं चांगलं कापड, आन सायकलीला!’’ ती आठ दिवस नुसती बघत राहिली, मग एक दिवस जाऊन मागितली. मुकादम हसला आणि दिली. उन्हाळाभर मागून मागून तिनं आठ पिशव्या जमवल्या.

त्या पिशव्यांवर मोठी मोठी अक्षरं छापलेली. त्या राखेच्या पाण्यात उकळल्या, सोड्यात भिजवल्या, दगडावर आपटल्या. अक्षरं फिकी झाली, पण जाता जाईनात. माय म्हणाली, ‘‘ऱ्हाऊ दे. आतल्या बाजूला घेऊ.’’ शिमग्याच्या सुमाराला माळावर पळस फुलतो. पाऊस नसला तरी तो फुलतोच. ती ओटीभर फुलं आणायची, उकळायची, तुरटी टाकायची, आणि त्यात कापड बुडवायची. बाहेर काढलं की असं केशरी पिवळं दिसायचं की बा म्हणायचा, ‘‘आता ह्याला खायचं का नेसायचं?’’ दुसरा रंग बाभळीच्या सालीचा, तांबूस. तिसरा दुकानातली नीळ. कापडाला हे तीन रंग, भिंतीला पांढरी माती आणि तांबडी काव, एवढ्यातच तिनं सगळं घर उभं केलं.

आणि उगाच फासाफास नाही बरं का! तिचं गणित ठरलेलं असायचं. भिंतीला पांढऱ्या मातीत नीळ कालवून सारवायची, पण खालून हातभर काव. ‘‘खाली काव असली की पोरांचं हात दिसत न्हाईत,’’ म्हणायची, ‘‘आन भिंत उंच दिसती.’’ मावळतीच्या खिडकीला निळा पडदा, कारण तिकडून ऊन मारायचं आणि निळं डोळ्याला गार वाटतं. निळा आमचा रंग, का ते सांगायला नको. आतल्या चौकटीला केशरी पडदा, त्याला खालून निळी पट्टी. भांड्यांच्या फळीला जुन्या लुगड्याच्या काठाची झालर. सगळं हातानं शिवलेलं, आणि टाका असा की दोरा कुठं सुरू झाला आणि कुठं संपला ते नखानं चाचपलं तरी कळू नये. आता रविवारच्या पुरवणीत रंगीत फोटो टाकून शिकवतात, कोणत्या भिंतीला कोणता रंग आणि कोणत्या खिडकीला कसलं कापड. वाचलं की माझं डोकं फिरतं. माझ्या मायला हे कुणी शिकवलं होतं? तिला सही येत नव्हती.

मी सहावीत असताना गावात दवंडी फिरली. गरजू बाईला शिलाई मशीन मिळणार, गावात एकच, आणि पाहणीला तालुक्याहून साहेब येणार. ते ऐकल्यापासून माय वेगळीच वागायला लागली. दुष्काळ सरला तरी तिचा हातोडा सुटला नव्हता. कुठं रस्ता निघाला की माय खडी फोडायला. दगडाच्या चिपा उडून तिच्या हातांना भेगा पडलेल्या, एक डोळा तर सारखा लाल. मशीन आली तर हातोडा सुटणार होता. घरी बसून चोळ्या शिवील, झबली शिवील, बाजारच्या दिवशी नेऊन विकील. लोहाऱ्याच्या बाजारात एका शिंप्याच्या दुकानात ती मशीन बघायला गेली. दुकानदाराला म्हणाली, ‘‘दादा, जरा हात लावू का?’’ आणि वितीनं तिची लांबी, रुंदी, उंची मोजून आली. घरी येऊन खिडकीखाली जमिनीवर कावेचे चार ठिपके दिले. मशीनच्या चार पायांचे. उजेड डाव्या हाताकडून पडावा म्हणून तिनं ते ठिपके दोनदा पुसून पुन्हा दिले.

आता पाहणीच्या आधी गावात काय होतं ते ऐका. पाहणी येणार म्हटलं की अख्खा गाव भिकारी होतो. हे नवं नाही, आजही चालतं. पितळी भांडी कडब्यात जातात, रेडिओवर पोतं पडतं, बैल दुसऱ्याच्या गोठ्यात जातात. वरच्या आळीत सोसायटीच्या चेअरमनच्या भावकीतली एक पाटलीण होती. त्यांच्याकडं माय धान्य निवडायला जायची. पाहणीच्या दिवशी सकाळी मायच्याच हातून त्यांनी सगळी तांब्यापितळ कणगीत भरून घेतली आणि स्वतः फाटकं लुगडं नेसून बसल्या. माय घरी येऊन हसत हसत सांगत होती.

शेजारची म्हातारी धावत आली. ‘‘अगं, पडदं काढ की बेगीन! पाहणीवालं यायलेत.’’

‘‘कामून काढू?’’ माय म्हणाली. ‘‘मावशी, मशीन द्यायलेत ना? मग शिवता येतं का न्हाय हे बघतील का न्हाय?’’

‘‘तू येडी हायस!’’ म्हातारी कपाळाला हात लावून गेली.

माय येडी नव्हती. माय सरळ होती, आणि आमच्याकडं ते एकच समजतात. तिनं पडदे धुऊन पुन्हा लावले होते. अंगण सारवलं होतं. घरी पाव्हणे यायचे म्हणजे जसं करावं तसं सगळं केलं होतं. दोन घरांतून कपबशा मागून आणल्या, गूळ संपला होता म्हणून साखर आणली.

तिघं आले. तालुक्याचे साहेब, हातात वही. त्यांच्याबरोबर चेअरमन, आणि चेअरमनच्या मागं हांजी हांजी करणारा एक. माय पदर सावरून दाराशी उभी. चेअरमननं आतल्या चौकटीचा केशरी पडदा हातानं नाही, काठीच्या टोकानं बाजूला केला. आमच्या पडद्याला हात लावायला त्याला काय झालं होतं? मळला असता का त्याचा हात?

‘‘काय बाई, थाट हाय!’’ तो म्हणाला. ‘‘आमच्या घरी न्हाईत असलं पडदं.’’

मायला वाटलं, कौतुक आहे. ती म्हणाली, ‘‘म्या हातानं शिवलेत जी. समदं.’’

साहेबांनी पडदा उलटा करून पाहिला. मागच्या बाजूला ती फिकी अक्षरं. ‘‘ही सरकारी पिशवी दिसते,’’ ते म्हणाले. ‘‘ही कुठून आणली?’’

‘‘मुकादमाला मागून घेतली जी. सायकल पुसत होता.’’

साहेबांनी ‘हं’ केलं. बघा, एका दमात माझी माय श्रीमंतही ठरली आणि चोरही! पडदे आहेत म्हणून गरज नाही, आणि पडदे सरकारी म्हणून संशय. यांच्यापुढं गरिबानं उभं तरी कसं राहावं, हे कुणी सांगत नाही.

मायनं चहा पुढं केला. तिघंही एका सुरात म्हणाले, ‘‘आत्ताच झाला.’’ कुठं झाला? गावात शिरल्यावर पहिलं घर आमचंच होतं! माय कपबशांचं ताट घेऊन तशीच उभी राहिली, आणि साहेब वहीत लिहायला लागले. मी त्यांच्या बाजेमागून वाकून वाचलं. मला वाचता येतंय याचा मला तेव्हा फार दिमाख होता. ते गेल्यावर मी ओरडले, ‘‘माय, साहेबांनी लिव्हलं, परिस्थिती बरी!’’

माय काय खूश झाली! ‘‘बरी लिव्हलं? बरं झालं.’’ तिला वाटलं, आपल्या घराला चांगलं म्हटलं. आम्ही दोघी हसलो, आणि तो गार झालेला चहा मी आणि बानं पिऊन टाकला. तेव्हाच वरच्या आळीत पाटलीणबाईंच्या ओसरीवर ते तिघं चहा पीत होते. आमच्या अंगणातून दिसत होते. आज त्या हसण्याची मला इतकी चीड येते की सांगू नका.

मशीन पाटलीणबाईंना मिळाली. फाटकं लुगडं, रिकामी फळी, गोठ्यात बैल नाही. बिचारी गरजूच होती ना! बैलगाडीतून हार घालून मशीन गावात आली, आणि ती गाडी ओढत होते त्यांचेच दोन बैल. चार लोकांनी पाहिलं, कुणी तोंड उघडलं नाही.

शेजारची म्हातारी म्हणाली, ‘‘सांगितलं व्हतं का न्हाय?’’ बा कधी नव्हे तो चिडला. ‘‘पडद्यानं घात केला. काढ ते!’’ आणि काढले कुणी? मी. रागानं खिळे उपसले, पडदे गोळा करून पत्र्याच्या पेटीत कोंबले. माय दुसऱ्या दिवशी हातोडा घेऊन कामावर गेली. वर्षभर आमच्या चौकटीला काही नव्हतं. घर उघडंबोडकं दिसायचं, पण कुणाला काही वाटायचं नाही. आता आम्ही त्यांना पाहिजेत तसे दिसत होतो. एकच गोष्ट माझ्या लक्षात आली होती. माय दर आठ दिवसांनी जमीन सारवायची, तेव्हा खिडकीखालचे ते कावेचे चार ठिपके सोडून सारवायची. त्यांच्याभोवती बोट हळू फिरवायची, आणि पुढं जायची.

वर्ष झालं आणि पाटलीणबाईंचा सांगावा आला. मायबरोबर मीही गेले. मशीन बैठकीत, कॅलेंडरखाली, शोभेला ठेवलेली. तिच्यावर हळदकुंकू, आणि सुईला अजून कारखान्याचा तेलकट कागद. एका वर्षात त्या मशीननं एक टाका घातला नव्हता.

पाटलीणबाई म्हणाल्या, ‘‘अगं, हिच्यावर धूळ बसती. एक झाकण शिवून दे. तुझ्या दाराला पडदा होता ना, केशरी, निळ्या पट्टीचा, तसलं. लई शोभल बैठकीला. माप घे.’’

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. वाटलं, ती मशीन उचलून अंगणात फेकावी. मी मायकडं बघितलं. ती त्या मशीनकडं बघत होती. तिनं हात पुढं केला, चाकावर ठेवला, आणि अगदी थोडं, बोटभर फिरवलं. सुई खाली गेली आणि वर आली. मग तिनं हात मागं घेतला.

‘‘माप नको,’’ ती म्हणाली. ‘‘माप मला पाठ हाय.’’

‘‘मग कधी देतीस?’’

‘‘न्हाय द्यायची, पाटलीणबाई. मशीन तुमच्याकडं हाय. तुमीच शिवा.’’

एवढंच म्हणाली आणि पायऱ्या उतरली. आवाजसुद्धा चढला नाही. पाटलीणबाई मागून बोलत राहिल्या, माज आलाय, डोक्यावर बसलेत, आणखी काय काय. उद्यापासून त्यांच्याकडचं निवडायचं काम गेलं, हे मला कळत होतं आणि मायलाही कळत होतं. रस्त्यानं तिनं दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले.

घरी आली ती तशीच शेण कालवायला बसली. सारवायचा दिवस नव्हता, तरी सगळं घर सारवलं. खिडकीपाशी आली तेव्हा क्षणभर थांबली, आणि मग त्या चार ठिपक्यांवरून पहिल्यांदा हात फिरवला. एका फटक्यात चारही गेले. मग हात धुऊन तिनं पेटी उघडली आणि मला म्हणाली, ‘‘खिळं कुठं ठिवलेस?’’ मी खिळे दिले. वर्षभर घडीत राहून केशरी रंग थोडा उडाला होता, पण चौकटीला पडदा लागला आणि घर पुन्हा आमचं दिसायला लागलं. संध्याकाळी बा आला, पडद्याकडं पाहिलं, आणि तो बाजूला करून आत गेला.

पुढं आणखी पाहण्या आल्या. एकदा म्हशीसाठी, एकदा घरकुलासाठी. दर वेळी म्हातारी आळीतून ओरडत यायची, ‘‘पडदं काढ गं, साहेब यायलेत!’’ मायनं पडदे काढले नाहीत. आम्हाला म्हैस मिळाली नाही, घरकुलही मिळालं नाही. साहेब यायचे, बाजेवर बसायचे, पडद्याकडं बघायचे, वहीत लिहायचे. माय खडी फोडायचा हातोडा दाराशी ठेवून त्यांच्यासमोर उभी राहायची. चहा मात्र तिनं पुन्हा कुठल्याच साहेबासाठी ठेवला नाही.