टीव्हीला ग्रेस मार्क

टीव्हीला ग्रेस मार्क देणारी अख्ख्या भोपाळमधली एकमेव बाई मी असेन. फुशारकी नाही मारत, कबुली देतेय. रिव्ह्यूमध्ये त्या बिचाऱ्याला पाचपैकी तीन पॉइंट नऊ होते आणि माझी पासिंगची लाइन होती चार. दिसायला नाजूक होता, कडा अगदी बारीक. मला वाटलं, एवढ्याशासाठी कुणाचं वर्ष कशाला वाया घालवायचं? दिला ग्रेस! नवरा मागे उभा राहून बघत होता. म्हणाला, "वैशाली, त्याच्या पालकांना बोलावून घे एकदा."

आमच्या बरखेड्याच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये किस्से न तपासलेल्या वह्यांसारखे साठतात. गठ्ठा वाढत जातो, हात कुणी लावत नाही. या टीव्हीच्या गठ्ठ्याला तर मी अजिबातच लावणार नव्हते, कारण त्यात पानोपानी मूर्ख मीच आहे. पण सक्सेना सर हल्ली नव्या आलेल्या प्रत्येक टीचरला तो तिखट-मीठ लावून सांगतात. मग म्हटलं, निदान मीठ तरी आपल्या हातचं असावं.

*

सुरुवात पीपी मॅडमच्या रिटायरमेंटपासून झाली. पीपी म्हणजे पांढरीपांडे. मूळच्या नागपूरच्या, संस्कृत शिकवायच्या. तपासायला इतक्या कडक की त्यांच्याकडून अर्धा मार्क वाढवून आणलेल्या मुलाला वर्गात हिरोसारखं वागवायचे. मी लग्न होऊन इथे आले, शाळेला लागले, तेव्हा पहिलं वर्षभर रोज त्यांच्या डब्यातली अर्धी पोळी खाल्लेली आहे. त्यामुळे त्यांना काय द्यायचं हा प्रश्न निघाला तेव्हा मी पुढे सरसावून बसले होते.

त्यांनी स्वतःच सांगून टाकलं. "शाल नको. शालींनी पेटी भरलीय. मिसरोदच्या फ्लॅटमधला टीव्ही बंद पडलाय, तो द्या. लहान चालेल. बातम्या आणि क्रिकेट, एवढंच बघते मी. आवाज तेवढा स्पष्ट हवा."

एकटीच राहणारी बाई. केवढीशी मागणी! मी लगेच म्हणाले, "मी बघते."

सक्सेना सर फिजिक्सचे. ते खूश होऊन म्हणाले, "मैथ्स वाली मैडम देखेंगी, तो अच्छे से ही देखेंगी."

तिथेच नजर लागली बघा.

*

मी बघायला लागले ते अगदी मुळापासून. पिक्चरला वेगळे मार्क, आवाजाला वेगळे, सर्व्हिसला वेगळे. चार वेबसाइटचे रिव्ह्यू, त्यांची सरासरी, त्या सरासरीला वेटेज. तक्ता वाढता वाढता सात पानांचा झाला. जेवणाच्या सुट्टीत मी तो टेबलावर पसरला आणि ऐटीत सांगितलं, "हा फोर पॉइंट थ्री आणि हा फोर पॉइंट टू. फरक बघा!"

सक्सेना सरांनी आधी कारल्याची भाजी संपवली. मग विचारलं, "मैडम, पिछले साल प्रैक्टिकल में आपकी क्लास के बच्चों को मैंने कितने दिए थे?"

"तीसपैकी अठ्ठावीस."

"किसको?"

"सबको."

"वो पीछे बैठने वाले को भी, जिसने बीकर तोड़ा था?"

"हो, उसको भी."

सरांनी डब्याचं झाकण लावलं. "तो टीवी वालों के यहाँ भी कोई सक्सेना बैठा होगा."

*

यावर एखादी शहाणी बाई थांबली असती. मी म्हटलं, मार्कांवर भरवसा नाही ना, मग उत्तरपत्रिकाच वाचू! आणि लोकांनी लिहिलेले रिव्ह्यू एकेक करून वाचायला घेतले.

एकाने पाच स्टार देऊन लिहिलं होतं, "अभी खोला नहीं है, डिब्बा बहुत मज़बूत है." एका बाईंनी पाच स्टार दिले होते कारण आणून देणारा मुलगा फार संस्कारी होता, चप्पल बाहेर काढून आला. आणि एकाने दिला होता एकच स्टार. का? तर, "टीवी बढ़िया है, लिफ्ट में नहीं आया."

मी त्या टीव्हीचे मार्क कापले.

नवरा म्हणाला, "अगं, मॅडम तळमजल्यावर राहतात."

मी म्हणाले, "नियम सगळ्यांना सारखा."

तोंडातून निघाल्याबरोबर मलाच कसंतरी झालं. पण मार्क काही परत वाढवले नाहीत. एकदा लाल पेनाने कापलेलं आम्ही वाढवत नाही.

*

मग नुसरत मॅडम मला ओढून जवाहर चौकातल्या दुकानात घेऊन गेली. ती बायोलॉजीची, माझी खास मैत्रीण. म्हणाली, "चल, आँख से देख, कान से सुन, ले और घर चल."

दुकानात भिंतभर टीव्ही, आणि सगळ्यांवर तेच ते लाल-पिवळे पोपट. दुकानदाराने आवाज मोठा केला, कमी केला, बातम्या लावून दाखवल्या, रिमोट माझ्या हातात दिला. मी रिमोट डाव्या हातात धरला आणि उजव्या हाताने फोन काढून त्याच मॉडेलचे रिव्ह्यू शोधायला लागले. साउंड कसा आहे म्हणून!

दुकानदार बराच वेळ बघत राहिला. मग अगदी हळू आवाजात, आजारी माणसाशी बोलतात तसं बोलला, "मैडम, टीवी तो सामने चल रहा है. आप फोन में क्या देख रही हैं?"

नुसरत पटकन बाहेर निघून गेली. परत येताना स्टॉपपर्यंत ती रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने चालली. खरंच!

*

आता निरोप समारंभ. हे सांगताना अजूनही माझे कान गरम होतात.

टीव्ही पक्का झाला होता हो! पण समारंभाच्या दिवशी सकाळी ऑर्डर करायला बसले, तर तो संपलेला. दुसऱ्या नंबरचा होता शिल्लक. कोणीही तो घेतला असता. पण मी चार वेबसाइटची सरासरी काढलेली बाई, मी दुसऱ्या नंबरवाल्याला कशी हार घालणार? शेवटी टीव्हीचं एक रंगीत प्रिंट काढलं, मागे तक्त्याची सातही पानं जोडली, पाकिटात घातलं आणि वर रिबन बांधली.

प्रिन्सिपल सरांनी माइकवर सांगितलं, "और अब स्टाफ की ओर से टीवी!" टाळ्या पडल्या. सगळे दाराकडे बघायला लागले, कोणीतरी खोकं उचलून आणेल म्हणून. आणि स्टेजवर चढले मी, हातात पाकीट घेऊन.

मॅडमनी रिबन सोडली. चष्मा लावला. फोटो निरखला, मागची पानं उलटली. मग त्या माइकमध्ये म्हणाल्या,

"हल्लीचे टीव्ही पातळ असतात असं ऐकलं होतं."

हॉल नुसता कोसळला! मीही हसले. काय करणार, स्टेजवर होते. खाली उतरताना मॅडमनी माझा हात दाबला आणि माझ्यापुरतंच म्हणाल्या, "सावकाश घे गं. मला घाई नाही."

त्या हसल्या असत्या, रागावल्या असत्या, तर बरं झालं असतं.

*

आणि मी खरंच सावकाश घेतलं. त्यांनी तोंडाने सांगितलं होतं ना!

बऱ्याच दिवसांनी भिंतीचं माप घ्यायला मिसरोदला गेले. मॅडमनी नवा प्लग पॉइंट बसवून घेतला होता. समोर वेताची खुर्ची, शेजारी स्टूल, स्टुलावर घडी केलेलं वर्तमानपत्र. आणि जिथे टीव्ही लागायचा, बरोब्बर तिथे माझं ते रंगीत प्रिंट चिकटवलेलं!

माझ्या हातात टेप तशीच राहिली. "मॅडम, हे काय?"

"इथेच बसून पेपर वाचते. मान सरळ ठेवायची सवय राहते."

चहा घेतला. दोन बिस्किटं खाल्ली. माप मात्र घ्यायचं राहूनच गेलं. परतीच्या बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसले. घरी नवऱ्याने विचारलं, "काय म्हणाल्या?" मी म्हटलं, "काही नाही," आणि ते खरंच होतं.

*

तुम्हाला वाटेल, यानंतर मी घरी येऊन पहिला दिसेल तो टीव्ही घेतला असेल. मलाही तसंच वाटलं होतं. पण तेवढ्यात सणाचे नवे मॉडेल आले! नवे मॉडेल, नवे रिव्ह्यू. आठवडाभर बसून मी दोन फायनलला आणले आणि त्यातला एक मॅडमनीच निवडावा म्हणून रविवारी पुन्हा मिसरोदला गेले.

दाराबाहेरच कॉमेंट्री ऐकू आली. आवाज अगदी स्पष्ट.

आत भिंतीवर टीव्ही! माझं प्रिंट त्यांनी काढलं नव्हतं, जरासं डावीकडे सरकवलं होतं. दोन टीव्ही शेजारी शेजारी. एक चालू, एक माझा.

सक्सेना सर त्यांना जवाहर चौकात घेऊन गेले होते. त्याच दुकानात. स्टाफतर्फे पैसेही सरांनीच दिले. सगळ्यांना माहीत होतं, नुसरतलासुद्धा. मला तेवढं कुणी सांगितलं नाही. दुकानदाराने म्हणे आधी घाबरत विचारलं होतं, "वो फोन वाली मैडम साथ में तो नहीं हैं?"

"पण मॅडम, एवढ्यांतून निवडलात कसा?"

"बाकी सगळ्यांवर पोपट होते. यावर मॅच होती." त्यांची नजर स्क्रीनवरच. "ओव्हर संपेपर्यंत थांबले आणि म्हटलं, हाच द्या."

मी खुर्चीमागे उभी राहून गुपचूप फोन काढला. मॉडेल शोधलं. तीन पॉइंट सहा! माझ्या तक्त्यात तर तो पहिल्याच पानावर नापास झालेला. ग्रेस देऊनही वर आला नसता.

"किती आहेत त्याला?" मॅडमनी मागे न बघता विचारलं.

वर्गात कॉपी करताना पकडल्यासारखं मी फोन पर्समध्ये टाकला. "तीन पॉइंट सहा."

"बरं."

चौकार गेला. मॅडमनी टाळी वाजवली. मला खरं तर माफी मागायची होती. शेवटी हसतच विचारलं, "आणि मॅडम, मला किती द्याल?"

त्यांनी रिमोटने आवाज जरा कमी केला.

"उत्तरपत्रिका कोरी आहे. पुरवण्या सात."