रखमाजींनी पाहिलेला चोर

डिंगोऱ्याची वृषाली पुण्यात विद्यापीठाच्या गुन्हेगारी न्याय विभागात शिकवते, हे कळलं की गावात कुणीतरी विचारायचंच, "म्हंजे पोलिसात हाय व्हय?" ती मानसशास्त्राची. शेजारच्या टेबलावर कायद्याचे सर, पलीकडं समाजशास्त्राच्या बाई, कोपऱ्यात रसायनशास्त्रवाला आणि आकडेवारीवाला. चहाला बसले की एकाचं दुसऱ्याला पटत नाही. वृषालीचा विषय साक्षीदारांची आठवण. घरी तो समजावून सांगायची वेळ कधी आली नव्हती.

मग गावातल्या विहिरींवरच्या मोटारींची केबल चोरीला गेली. दिवेलागणीला तिच्या वडिलांनी, रखमाजींनी, केबलीचं वेटोळं खांद्यावर टाकून बांधावरून जाणारा एक जण पाहिला. दुसऱ्या दिवशी गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वारूळवाडीच्या आदेशचा फोटो पडला. पोरगा मोटारी दुरुस्त करायचा, म्हणजे केबलही त्यानंच नेली, असा गावाचा हिशेब. पोलिसांनी तोच फोटो पुढं केला, रखमाजींनी बोट ठेवलं आणि आदेश आत गेला. "म्हाताऱ्याची पोरगी त्यातलंच शिकवती, त्यो चुकायचा न्हाई," असं लोक छातीठोकपणे सांगू लागले. रखमाजीही जरा फुशारले.

साक्षीच्या आधी वृषाली घरी आली. समाजशास्त्राच्या बाईंनी तिला विचारलं होतं, "वडिलांनी फोटो आधी पाहिला की चोर आधी ओळखला?" कायद्याच्या सरांनी बजावलं होतं, "काय बोलायचं ते सांगू नकोस. नुसतं विचार."

"आबा, कसा दिसत व्हता तो?"

"कपाळाला ठसठशीत गंध. अंगात नवा झब्बा."

वृषालीनं मोबाइलवर ग्रुपवरचा फोटो उघडला. गंध आणि झब्बा दोन्ही त्या फोटोतले होते, आदेशच्या भावाच्या लग्नातले.

"एवढ्या लांबून, अंधारून येताना गंध दिसलं?"

"पाठ दिसली व्हती गं," रखमाजी म्हणाले. "पर आता शब्द फिरवला तर गाव तोंडात शेण घालंल."

ते खरंच होतं. तिला बापाची लाज जाऊ द्यायची नव्हती आणि आदेशलाही आत सडू द्यायचं नव्हतं. "तुमचं तुमी ठरवा," म्हणून ती चुलीपाशी जाऊन बसली.

जुन्नरच्या कोर्टात रखमाजींनी फक्त पाठ पाहिल्याचं सांगितलं. सरकारी वकील चिडले. "मुलगी हेच शिकवते ना? तिनंच पढवलं तुम्हाला?"

रखमाजींनी कठडा घट्ट धरला. "मी काय पाह्यलं, ते तिनं ईचारलं, सायेब. बाकी समद्यांनी 'हाच ना?' एवढंच ईचारलं व्हतं."